धारणीची लाईन काहून तुटली

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून जे साहेब आमच्या अकोल्याच्या शाखेवर आले, त्यांचं आणि माझं पहिल्याच आठवड्यात बिनसलं. मी फोनवर आईला म्हणत होते, "मले आज उशीर होईल, तुमी जेवून घ्या." फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "ग्राहकांसमोर तरी असं बोलत जाऊ नका." मी बार्शीटाकळीची, भाजीपाला पिकवून विकणाऱ्या घरातली. आईशी मी आईच्याच भाषेत बोलणार, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं आणि तेही धड नव्हतं.

आमची कंपनी इंटरनेट पुरवते. अकोला, अमरावती आणि वर मेळघाटात धारणीपर्यंत. गर्दीच्या वेळी कोणाला किती वेग द्यायचा, हे पूर्वी आम्ही इंजिनिअर ठरवायचो. साहेब नवी यंत्रणा घेऊन आले. आता नेटवर्क स्वतःच स्वतःला सांभाळणार होतं. आपण फक्त काय हवं ते सांगायचं, कसं करायचं ते त्याचं ते बघणार. या सांगण्याला ते 'हेतू' म्हणत.

हेतू ठरवायच्या बैठकीत साहेबांनी एकच वाक्य पडद्यावर लिहिलं. ग्राहकांच्या तक्रारी कमीत कमी असाव्यात.

"तक्रारी आपण ॲपवरून घेतो," मी म्हणाले. "धारणीच्या दवाखान्याची लाईन पडली तर ते तक्रार कशावरून करणार? तिथे मोबाईललाही रेंज नसते."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"खोट आहे म्हणून दिसते, सर."

वाक्य तसंच राहिलं.

तक्रारी खरोखर कमी झाल्या. साहेबांचं पुण्यात कौतुक झालं. धारणीचा वेग मात्र रोज दुपारनंतर खाली जाताना मला दिसत होता. अकोल्यातल्या फ्लॅटमधली माणसं सिनेमा जरा अडकला की ॲपवर तुटून पडायची. धारणीकडून काहीच यायचं नाही. यंत्रणा त्यातून शिकली, धारणीचा वेग काढून अकोल्याला द्यायला लागली. मी साहेबांना मेल पाठवले. 'नोंद घेतली' एवढं उत्तर आलं.

मग एका सकाळी धारणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई थेट ऑफिसात आल्या. जीपने, मग एसटीने. चपला धुळीने माखलेल्या. पाणी पुढे केलं, ते त्यांनी हाताने बाजूला सारलं.

"धारणीची लाईन कोन पाह्यते?"

"मी, मॅडम."

"तुमी झोपून राह्यले का? बाळंतीण टेबलावर होती. अमरावतीचे डॉक्टर मले व्हिडिओवर सांगून राह्यले होते काय करायचं ते, अन् मधातच चित्र गेलं. फोन लागेना. त्या बाईले जीपमंदी टाकून घाट उतरवला आमी. परतवाड्याच्या अलीकडे गाडीतच बाळंत झाली. दोघंही वाचले म्हणून मी फक्त बोलून राह्यली. नाही तं पोलीसच घेऊन आली असती. काहून तुटली लाईन?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते मी एकटीने का द्यावं? त्यांना मी साहेबांच्या केबिनमध्ये नेलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "सिस्टीममध्ये काहीच बिघाड नव्हता, मॅडम. ती बरोबर चालली होती."

बाईंचा चेहरा पाहून मलाच भीती वाटली.

"बरोबरच चालली होती," मी म्हणाले. "आपण तक्रारी कमी मागितल्या, तिने कमी करून दिल्या. ज्यांचा आवाज इथे पोचत नाही त्यांचं काढून घेणं तिला सोपं पडलं. यंत्राला दोष नको, सर. आपण मागितलंच चुकीचं."

"ग्राहकासमोर हे बोलायची गरज नाही."

"त्यांच्यासमोरच बोलायची गरज आहे."

साहेब कीबोर्डकडे वळले आणि त्यांनी हेतूत एक वाक्य वाढवलं. दवाखान्यांना उत्तम सेवा मिळावी. मी म्हणाले, याने काही होणार नाही. उत्तम सगळ्यांनाच हवं आहे. लाईन भरली की कोणाचा वेग कमी करायचा, ते लिहा. दवाखान्याचा कॉल चालू असताना तो तुटता कामा नये, त्यासाठी अकोला शहराचा वेग कमी झाला तरी चालेल.

"पैसे भरणाऱ्या लोकांचा वेग कमी झाला तरी चालेल, असं मी लिहून देऊ?"

"आमी का फुकट वापरतो?" बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली. "लिहा. लिहेपर्यंत मी इथून हालत नाही."

साहेबांनी पुण्याला फोन लावला, पाठ आमच्याकडे करून बराच वेळ बोलले. परत वळले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. वाक्य त्यांनी माझ्याकडून शब्द विचारून घेत लिहिलं, एकदाही माझ्याकडे न बघता. मला बरं वाटलं नाही. इतके दिवस मी हेच सांगत होते, तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. आता जीपमध्ये एक बाई बाळंत झाल्यावर साहेब ऐकत होते.

जाताना मी बाईंना स्टँडपर्यंत सोडू का विचारलं. "उपकार नको करू," त्या म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.

पुढच्या महिन्यात अकोल्याच्या तक्रारी वाढल्या. साहेबांनी वरती पाठवलेल्या मेलमध्ये 'स्थानिक इंजिनिअरच्या आग्रहामुळे' असे शब्द होते, आणि माझी बदली अमरावतीला झाली. बढती नाही, काही नाही. ते वाक्य मात्र कोणी काढलं नाही. काढणाऱ्याला यंत्रणेच्या नोंदीत आपलं नाव द्यावं लागलं असतं.

धारणीची लाईन आता मी अमरावतीहून पाहते. त्याच लाईनवरून बाईंचा अधूनमधून फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही. "आज चित्र अटकून राह्यलं, पाह्य," एवढं म्हणून त्या ठेवून देतात.