अप्पांच्या पुढची जागा

नांदेड स्टेशनात गाडी यायला अवकाश होता. माझ्या वर्गातली सोनाली बॅगेवर खुशाल बसली होती आणि मी कॅमेऱ्याच्या पेटीला हात लावून उभी होते.

"मंगे, पेटी पळून जात नाही. बस जरा," ती म्हणाली.

पेटीत आमच्या कॉलेजचा कॅमेरा होता. खांद्यावर घेऊन चालवायचा, टीव्हीवाले वापरतात तसला. आमच्या माध्यम विभागात तो एकच आहे. तीन वर्षं मी त्याचा ट्रायपॉड उचलला, केबल गुंडाळल्या, बॅटऱ्या चार्ज केल्या. चालवत असे दुसरंच कुणीतरी. या खेपेला सरांनी विचारलं, "तंजावूरला तू चालवशील ना?" 'हो' म्हणायला मला जरा वेळ लागला, पण म्हटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला जमेल असं मोठ्यानं म्हणायची सवय नाही. कॅमेरा मात्र मला येत होता. ते मला आतून ठाऊक होतं.

काम असं होतं. तंजावूरला मराठी राजांच्या काळापासून राहिलेली मराठी कुटुंबं आहेत. त्यांतल्या एका घरात ऐंशी ओलांडलेले अप्पा राहतात. त्यांचे थोरले भाऊ अण्णा कीर्तन करायचे, मराठीत. मागच्या वर्षी अण्णा गेले. त्यांचं एक आख्यान आता फक्त अप्पांना पाठ आहे. अप्पांना दम लागतो, डॉक्टरांनी जास्त गायचं नाही असं बजावलंय. तरी ते कॅमेऱ्यासमोर म्हणायला तयार झाले होते, पण एकदाच. पुन्हा घेऊ, चुकलं तर परत करू, असं काही नव्हतं.

दोन गाड्या बदलून आम्ही तंजावूरला उतरलो. वाटेत शेवटचे काही तास दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती, इतकी हिरवी की आमच्या कंधारकडच्या कापसाच्या रानाची सवय असलेले डोळे निवले. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने "एंगे?" (कुठे?) विचारलं. सोनालीने हिंदीत सांगून पाहिलं, मग इंग्रजीत. मी नुसतं "पॅलेस" म्हटलं आणि काम झालं. रिक्षा खड्ड्यातून गेली की मी पेटी मांडीवर उचलून धरायची. आरशातून ते पाहून तो हसला आणि काहीतरी म्हणाला. त्यातला "बेबी" एवढाच शब्द कळला.

राजवाड्यामागच्या गल्लीत घर होतं. उंबऱ्यासमोर कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी), दाराशी दोन स्कूटर. दार उघडलं अंबुजाबाईंनी. त्या अप्पांच्या सूनबाई, मुलींच्या शाळेत गणित शिकवतात.

"या, या. दमलांत? आधी कापी (कॉफी) घ्या. पेटी तिथें ठेवा, तिला नको ना कापी?"

मराठी होती, पण चाल तमिळची. वाक्य शेवटाला असं काही वर उचललं जायचं की साधं बोलणंही प्रश्न वाटावा. अप्पा आतून आले. उघडे, कमरेला पांढरी वेष्टी (लुंगीसारखं नेसायचं धोतर), खांद्यावर उपरणं.

"तुम्ही कोठून आलांत?"

"नांदेडहून, अप्पा. गाव कंधारजवळ."

"मज ते ठाऊक नाही. आम्ही तिकडचेच म्हणे. पण मी कधीं पाहिलों नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिकडचे लोक हें ऐकतील का?"

"ऐकतील," मी म्हटलं. एवढ्या ठामपणे का म्हटलं, माझं मलाच कळलं नाही.

जेवायला केळीच्या पानावर रसवांगी (वांग्याची, हरभऱ्याची डाळ घातलेली आंबटसर भाजी) होती. मी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा अंबुजाबाईंनी न विचारता वाढली. "शूटिंग करायचं म्हणजे अंगात जोर पाहिजे," त्या म्हणाल्या. "आमची वैदेही तर रिमोट उचलतानाही दमते." वैदेही, त्यांची मुलगी, कॉलेजातच शिकते. तिने तमिळमध्ये झटकन काहीतरी सुनावलं. मराठी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की तिची गाडी तमिळच्या रुळावर जाते, असं तिच्या आईचं म्हणणं.

दुपारी मी कॅमेरा लावायला घेतला. घराच्या मधल्या मोठ्या खोलीत, कूडममध्ये, कीर्तन होणार होतं. ट्रायपॉडचे पाय सारख्या अंतरावर रोवले, पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा गोलात आणला, कॅमेरा पट्टीवर सरकवून पुढे-मागे तोल साधला. हात सोडला तरी तो झुकला नाही, तेव्हा बरं वाटलं. मग अप्पांच्या धुतलेल्या वेष्टीवर व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला दाखवलं. चित्रात सोनालीचा चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा आला.

"माझं लग्न लावतेस काय?" ती म्हणाली.

वेष्टीला निळीचा हात होता. डोळ्याला ती शुभ्र दिसते. कॅमेऱ्याला तिच्यातलं निळं दिसलं, आणि ते घालवायला त्याने सगळंच पिवळं केलं. मी सोनालीच्या वहीचं कोरं पान धरून पुन्हा घेतलं. रंग जागेवर आले.

खरी अडचण पुढे होती. झूम करून खांबावरच्या खिळ्यावर फोकस केला, खिळा लख्ख. झूम मागे घेतला आणि सगळी खोली जराशी धुरकट. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लेन्सचा बॅक फोकस सरकला होता. लेन्सच्या मागच्या टोकाशी एक कडं असतं, ते प्रवासात हललं की जवळून घेतलेलं चित्र स्वच्छ येतं आणि मोठी चौकट धूसर. कड्याचा स्क्रू मी तपासला. तो बोटानेच फिरला. म्हणजे रिक्षातल्या माझ्या सगळ्या काळजीचा उपयोग एवढाच.

"मोबाइलवर घेऊया," सोनाली म्हणाली.

"नाही. हे मला करता येतं. फक्त तक्ता पाहिजे."

त्यासाठी एक छापील तक्ता मिळतो. मधल्या बिंदूतून चहूकडे काळ्या-पांढऱ्या किरणांसारख्या रेषा. आमचा तक्ता नांदेडला कपाटात होता. मी उंबऱ्याकडे पाहिलं आणि अंबुजाबाईंना विचारलं, "काकू, कोलम उभं करता येतं का?"

"उभं? कोलमला पाय आहेत काय?"

मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर सारला. "हं. पाटावर माकोलम घालूं." माकोलम म्हणजे भिजवून वाटलेल्या तांदळाचं, ओलं कोलम. लग्नाच्या पाटावर तसं काढतात, वाळलं की पाट उभा केला तरी पडत नाही. फणसाच्या लाकडाचा काळपट पाट आला. ओल्या पिठात बुडवलेली चिंधी तळहातात धरून त्यांनी अनामिकेच्या टोकाने पीठ सोडायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता कमळ उमलायला लागलं.

"काकू, फुलं नकोत. नुसत्या सरळ रेषा."

"नुसत्या रेषांचं कोलम कोण घालतं गं? घराला बघवेल तें?" पण त्यांनी पुसलं आणि गणिताच्या बाईंना शोभतील अशा, सारख्या अंतरावरच्या रेषा ओढल्या. पाट पंख्याखाली वाळला. मी उचलणार तेवढ्यात त्या "थांब" म्हणाल्या आणि बरोबर मध्यावर, सगळ्या रेषा मिळतात तिथे, कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

मी पाहतच राहिले. मला बघायचा होता तोच बिंदू झाकला गेला होता.

"पुसू का जरा?"

"अय्यो! कोलमावरचं कुंकू पुसतात?" वैदेहीसुद्धा चक्क मराठीत ओरडली.

मग मी पुसलं नाही. कुंकवाच्या कडेपर्यंत रेषा वेगवेगळ्या दिसल्या तरी माझं काम होणार होतं. पाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला खांबाला टेकवला. लेन्सचं आयरिस (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडलं, म्हणजे फोकसची बारीकशी चूकही लपायला नको. उजेड जास्त झाला तो कॅमेऱ्यातल्या फिल्टरने कमी केला. झूम पूर्ण आत, पुढच्या कड्याने फोकस. झूम पूर्ण बाहेर, आता पुढच्या कड्याला हात न लावता मागचं कडं केसभर फिरवायचं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हळूहळू रेषा कुंकवाच्या कडेला येऊन टोचल्यासारख्या स्पष्ट झाल्या, जवळूनही आणि लांबूनही. मी स्क्रू आवळला आणि त्यावर चिकटपट्टीही लावली.

अंबुजाबाईंनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. "माझ्या दोन रेषांत अंतर कमी पडलं आहे," त्या म्हणाल्या. "तुझा कॅमेरा वाईट आहे गं, सगळं दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. माइकचं काम सोनालीकडे होतं. तो कुठे लावायचा हा प्रश्न, कारण सदरा नाहीच. शेवटी उपरण्याला लावला आणि उपरणं मागून पिनेने अडकवलं. "मज बांधून ठेवतां काय?" अप्पा म्हणाले. खोलीच्या मध्यावर मी जमिनीला चिकटपट्टीची खूण केली होती. "अप्पा, इथे उभे राहा." ते उभे राहिले. हातात टाळ होते.

अंबुजाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "कधीं पुढें उभे राहिले नाहीत ते. सारा जन्म अण्णांच्या मागें, टाळ धरून."

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. अप्पांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज सुरुवातीला कापला, मग स्थिरावला. मी हळूहळू चेहऱ्यावर गेले. गळ्याची शीर, पापण्या, सगळं स्वच्छ. पहिलं पद संपलं आणि अप्पा फ्रेममधून निघाले. एक पाऊल मागे, मग आणखी एक. डोळे मिटलेलेच होते. पद म्हणताना अण्णांच्या खांद्याशी यायचं, संपलं की मागे सरायचं आणि टाळ वाजवायचे, पुढे अण्णा अर्थ सांगतील, ही पायांची सवय होती.

मी झूम मागे घेतला. पूर्ण मागे. खोली दिसली, भिंत दिसली, भिंतीजवळ टाळ वाजवणारे अप्पा दिसले, आणि त्यांच्या पुढे मोकळी लादी. सोनाली मला हाताने खुणावत होती, जवळ जा, जवळ जा. आम्हाला वर्गात शिकवलं होतं की चौकटीत मध्यभागी कुणी नसेल तर चौकट बदला. माझा अंगठा झूमच्या बटणावर होता. मी तो उचलला. चौकट तशीच धरली. टाळ वाजत राहिले, त्या मोकळ्या जागेसाठी.

मग अप्पा आपणहून पुढे आले आणि अर्थही सांगू लागले. पुढच्या प्रत्येक पदाला तसंच झालं, मागे आणि पुढे, आणि मी त्यांच्याबरोबर झूम करत राहिले. आख्यान पूर्ण झालं तेव्हा त्यांना धाप लागली होती. अंबुजाबाईंनी पाणी दिलं. मी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. आख्यान आलं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"आलें?" अप्पांनी विचारलं.

"सगळं आलं, अप्पा."

"अण्णांचं आलें म्हणजे झालें."

संध्याकाळी आम्ही मोठ्या देवळात गेलो, कॅमेरा घरी ठेवून. उतरत्या उन्हात शिखर मधाच्या रंगाचं झालं होतं. सोनालीने विचारलं, "हे शूट न करता बघवतं तुला?" खरं सांगायचं तर त्या दिवशी फार छान बघवलं. निघताना अंबुजाबाईंनी तो पाट दिला नाही, मी मागितलाही नाही. त्यांनी तो कूडममध्येच खांबाशी उभा ठेवला होता, कुंकवासकट.

नांदेडला पेटी जमा केली. सरांनी चित्रण पाहिलं. मोकळ्या लादीपाशी थांबवून माझ्याकडे वळून पाहिलं, मग पुढे चालू केलं. सुट्टीत गावी गेले तेव्हा ते लॅपटॉपवर बाबांना दाखवलं. बाबा गिलाव्याचं काम करतात. हात धुऊन पालथ्या पाटीवरच बसले. शेजारच्या सुमनकाकूही आल्या. अप्पांची मराठी त्यांना आधी हसू आणत होती, मग त्या पुढे सरकून ऐकू लागल्या. मी काहीच सांगितलं नव्हतं, ना अण्णांचं, ना टाळांचं.

अप्पा मागे सरले. मोकळी लादी आली.

बाबा वाकून बघत म्हणाले, "त्यायच्या म्होरं कोन उभं ऱ्हायचं गं?"

मी त्याच संध्याकाळी तंजावूरला फोन लावला. अंबुजाबाईंनी उचलला. मी म्हटलं, "अप्पांना सांगा, तिकडच्या लोकांनी ऐकलं." मग बाबांनी काय विचारलं ते सांगितलं. पलीकडे त्यांनी ते अप्पांना मोठ्याने ऐकवलं. मग अप्पांचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट.

"त्यांस सांग. माझे अण्णा."