माकूल तळायचा दिवस

आखातात, मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन कंपनीत शेजारच्या टेबलावर हाँगकाँगचे एक म्हातारबुवा बसायचे. ते मला आपल्या कॅन्टोनीज भाषेतल्या म्हणी शिकवायचे, आणि त्या बहुतेक पैशाच्याच. त्यांच्याकडे पैशाला चक्क 'पाणी' म्हणतात. एखाद्याची भरभराट झाली की 'डुकराचा वेताचा पिंजरा पाण्यात पडला', म्हणजे सगळ्या भोकांतून पैसा आत! डुकराचं नाव या अरबी मुलुखात कसं घ्यायचं, म्हणून हे मात्र ते आवाज खाली आणून सांगायचे. आपल्याकडे पैसा पाण्यासारखा जातो, यांच्याकडे पाण्यासारखा येतो. मला हेवाच वाटायचा.

एका गुरुवारी सकाळी ते खुर्ची ओढत जवळ आले. "माय फ्रेंड, टुडे बॉस फ्राय युवर स्क्विड."

मी पडलो मालवणी. स्क्विड म्हणजे आमचं माकूल, आणि माकूल म्हटलं की अक्कल गहाण ठेवतो. "यल्ला हबीबी! एक्स्ट्रा स्पायसी!" मी ओरडलो. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी लगेच बायकोला फोन लावला. "आज डबा उघडत नाही गं, ऑफिसात माकूल आहे."

"फुकट? बाहेर साठ दिरहॅम घेतात, म्हणजे दीड हजार रुपये! पोटभर खा."

अकराला बॉसने केबिनमध्ये बोलावलं. मी मूर्खासारखं विचारलंही, "सर, लंच इथेच का?" त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. प्रोजेक्ट बंद, नोकरी खलास, व्हिसा कॅन्सल. नऊ वर्षं! मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर, आणि आमचा तिघांचा इथला मुक्काम या एका नोकरीवर.

टेबलाशी आलो तर म्हातारबुवांचे डोळे भरलेले. मग त्यांनी समजावलं. तव्यावर माकूल गोल गुंडाळलं जातं, तशी काम गेलेला माणूस आपली वळकटी गुंडाळतो; म्हणून नोकरीवरून काढणं म्हणजे 'माकूल तळणं'. आपण गाशा गुंडाळतो म्हणतो, तेच की! मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा.

"यू सेड एक्स्ट्रा स्पायसी," ते पुटपुटले. "आय थॉट, सो ब्रेव्ह."

संध्याकाळी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी पोचलो. बायकोने भरलेला डबा हातातून घेतला. "काय, झालं का पोटभर?"

आतून मुलगी ओरडली, "बाबा, डिड यू ब्रिंग सम फॉर मी?"

मी बूटही न काढता दारातच खाली बसलो.

"तिघांनाही पुरेल एवढं आणलंय," म्हणालो आणि खिशातलं पाकीट काढलं.