‘हॅलो, हॅलो’

देवळात माईक तपासताना कुणी ‘हॅलो, हॅलो’ म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

बाबा गेल्यावर आईने त्यांचा टेपरेकॉर्डर विकायला काढला. मसुऱ्याचा एक व्यापारी बघायला आला. आत बाबांच्या भजनाची कॅसेट होती. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. मी ती काढणार, तोच त्याने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून ‘हॅलो, हॅलो’ केलं. मागे फिरवून ऐकवलं, तर बाबांचा अभंग मध्येच तुटलेला.

“रेकॉर्डिंग बरा येता,” तो हसला.

“अरे, माझ्या घोवाचो आवाज होतो तो!” आई ओरडली.

“कॅसेटी बाजारात ढीगभर गावतत.”

आईने टेप त्याच्या हातातून हिसकावला. “इकूचो नाय. भायर हो!”

तेव्हा आई मला फार कठोर वाटली होती. आता वाटतं, तिने त्याला फारच स्वस्तात सोडलं.