कारणाचा रकाना

रत्नाबाई खोब्रागडे यांनी वर्गात विचारलेला पहिला प्रश्न ऐकून आम्ही सगळे खो खो हसलो होतो. चंद्रपूरच्या कॉलेजात बांधकाम व्यवस्थापनाच्या पदविकेचं आमचं पहिलं वर्ष होतं. सर फळ्यावर एका शाळेच्या इमारतीचा बार चार्ट काढत होते. पायाला इतके दिवस, कॉलमला इतके, मग स्लॅब, मग गिलावा. प्रत्येक कामासमोर एक आडवी पट्टी. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, या गावचा बाजार कोन्त्या दिवशी आहे?"

सरांना वाटलं, बाईंना भाजी घ्यायची आहे. ते तसं म्हणालेही. रत्नाबाई उठून उभ्या राहिल्या. "भाजी नाई, सर. बाजाराच्या दिवशी मजूर येत नाई. तुमची पट्टी सोमवारपासून सरळ चालली. मंधात बाजार असन तं तिथी पट्टी तोडा लागते, नाईतर काम कागदावर होते आनि साइटवर नाई होत." सरांनी खडू खाली ठेवला आणि खरोखरच ओल्या फडक्यानं पट्टी मधोमध पुसली. त्यानंतर आम्ही हसलो नाही.

त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि आम्ही अठरा-एकोणीसचे. गाव नागभीडकडचं. पंधरा वर्षं त्यांनी रेजाकाम केलं होतं, म्हणजे बांधकामावर डोक्यानं घमेली वाहिली होती. आमच्या कॉलेजच्या जिन्याची तिसरी पायरी जरा उंच आहे आणि तिथं नवा माणूस हमखास ठेचकाळतो. ती पायरी बांधली गेली तेव्हा रत्नाबाई खाली माल कालवत होत्या. "मिस्त्रीले मी तवाच सांगतलं होतं," त्या म्हणायच्या, "तो म्हने, तू घमेलं पाह्य, पायरी मी पाह्यतो." शिक्षण बारावीवर थांबलेलं. मुलगी नर्सिंगला लागली तसा त्यांनी स्वतःचा अर्ज भरला. या वयात कशाला, असं मी एकदा अगदी शहाण्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं माल मी उचलला, बाबू. कागद कोन उचलते, आनि काऊन त्याचंच चालते, ते पाहाचं होतं."

मी चामोर्शीचा. घरी सगळे नोकरदार, त्यामुळे घमेलं मी फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर पाहिलेलं. पाठांतर मात्र चांगलं. रत्नाबाईंचं उलट होतं. इंग्रजी शब्द दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. मी तो वाचून दाखवायचो, त्या तो देवनागरीत लिहून घ्यायच्या आणि मग त्याचा अर्थ मलाच समजावून सांगायच्या. 'क्रिटिकल पाथ' आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात शिरत नव्हता. एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी तो सोडवला. "घरी पाहुने आले तं भात आधी मांडाचा. भात उशिरा झाला तं पंगत उशिरा. मंग भात झाला क्रिटिकल. पापड कधीबी भाजा, पापडाले फ्लोट आहे." त्या वर्षी नियोजनाच्या पेपरात वर्गातलं कुणी नापास झालं नाही, आणि त्याचं निम्मं पुण्य त्या पापडाचं होतं.

शेवटच्या सत्रात सहा महिने साइटवर ट्रेनिंग असायचं. एटापल्लीच्या पुढं एका गावात मुलींच्या वसतिगृहाचं काम चाललं होतं. तिथं आम्हा दोघांना पाठवलं. रोजची डायरी लिहायची, साइटच्या इंजिनियरनं त्यावर सही करायची आणि शेवटी पत्र द्यायचं. ते पत्र नसेल तर पदविका नाही. डायरीत रकाने होते: तारीख, काम, मजुरांची संख्या, आणि काम बंद असल्यास कारण.

कामावर बहुतेक गावातल्याच बाया होत्या. आपसात गोंडीत बोलायच्या. रत्नाबाईंना गोंडी येत नव्हती, पण आठवड्याभरात त्या बायांच्या मध्ये बसून जेवू लागल्या. पाण्याला 'येर' म्हणतात हे शिकल्या आणि दिवसातून दहा वेळा कारण नसताना येर मागू लागल्या. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं घमेल्याखाली ठेवायची चुंबळ फार सैल वळली होती, ती रत्नाबाईंनी सोडून पुन्हा घट्ट वळून दिली. "मान आपली आहे, ठेकेदाराची नाई," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. तिला मराठी किती कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चुंबळी तशाच होत्या.

स्लॅबचं वेळापत्रक इंजिनियर साहेबांनी रत्नाबाईंनाच करायला दिलं. त्यांनी बाजाराचा दिवस टाळला, दोन दिवस हाताशी ठेवले, सगळं चोख. ठरल्या सकाळी मिक्सर तयार, सेंट्रिंग तयार, सळया बांधलेल्या. आठ वाजले, नऊ वाजले, पण गावातून एकही माणूस येईना. आम्ही दोघं गावात गेलो. घरोघरी अंगणं सारवलेली होती आणि माणसं धुतलेल्या कपड्यांत होती. गावच्या देवाचं करणारा भूमिया एका झाडाखाली बसला होता. तो म्हणाला, "आज पंडुम हाय." नव्या आंब्याचा सण. देवाला दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला लावायचा नाही आणि त्या दिवशी कुणी कामाला हात लावायचा नाही. दिवस गाव बसून ठरवतं, कॅलेंडरात तो नसतो. "तुम्ही काई विचारलं नाई," तो म्हणाला. रागावून नाही, सहज. वर आम्हाला बसायला खाटही दिली.

परतीच्या वाटेवर रत्नाबाई भराभर पुढं चालत होत्या. साइट दिसू लागली तशा म्हणाल्या, "बाजार मले सुचला, काऊन का तो माह्या गावाले असते. हे माह्या गावाले नसते, म्हनून मी विचारलंच नाई. बाहेरचा ठेकेदार करते तेच मी केलं."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हा दोघांनाही डायरीत लिहायला सांगितलं: मजूर गैरहजर. त्यांचा हिशेब सरळ होता. नियोजन चुकलं असं दिसलं तर उशीर त्यांच्या कंपनीच्या माथी बसतो. मजूर गैरहजर असं दिसलं तर मुदत वाढवून मिळते आणि बाहेरून मजूर आणायला कारणही मिळतं. मी तिथंच पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. रत्नाबाईंनी लिहिलं: 'गावाचा पंडुम होता. दिवस ठरवण्याआधी गावाला विचारले नाही. चूक नियोजनाची.' आणि खाली, 'चार्ट मी केला होता.'

"बाई, पदविका पाहिजे ना?" साहेबांनी विचारलं.

"पाह्यजे ना, साहेब. त्याच्याचसाठी आली. पन गैरहजर लिवलं तं या बायांचं काम जाते. चूक मी केली, काम त्यांचं काऊन जावं?"

साहेबांनी माझ्या डायरीवर सही केली, रत्नाबाईंच्या डायरीवर शेवटपर्यंत केली नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, दोन ओळी तर आहेत. बदलून टाका ना." त्यांनी मान वर न करता खडे बाजूला टाकले. "दोनच ओळी आहेत म्हनून तं लिवता आल्या, बाबू. पानभर खरं लिवाचं असतं तं मीबी भेली असती."

स्लॅब चार दिवसांनी ओतला गेला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या बाया आल्या. पण पुढच्या महिन्यात बाहेरून माणसं आणली गेली आणि गावातल्या निम्म्या बायांचं काम सुटलं. माझ्या डायरीतल्या त्या पानाची नक्कल साहेबांनी पुरावा म्हणून वर पाठवली होती, हे मला नंतर कळलं. रत्नाबाईंना बहुधा आधीच कळलं असावं. त्या मला त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. माझ्याशी वागणंही बदललं नाही. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

कॉलेजात परतल्यावर आमच्या सरांनी त्यांच्यासाठी एक वाट काढली. बाईंची हजेरी पूर्ण आहे, फक्त सही आणि पत्र नाही; तेव्हा सोबत्याच्या सही झालेल्या डायरीशी त्यांची डायरी जुळवून पाहू, जुळली तर तोंडी परीक्षा घेऊ. बाहेरून आलेले परीक्षक तयार झाले. त्यांनी दोन्ही डायऱ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पान पान उलटत गेले. सगळं जुळत होतं. मग ते एका पानावर थांबले.

त्यांनी मला विचारलं, "तू तिथं होतास. यातलं खरं कारण कोणतं?"

नागपूरची एक नोकरी माझ्यासाठी जवळजवळ पक्की झाली होती, फक्त निकालाची वाट होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं म्हणून सांगतो. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मजूर आले नव्हते." वाक्य खरं होतं. मी खोटं बोलत होतो.

परीक्षक रत्नाबाईंकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"तो बरोबर सांगून राह्यला, सर. मजूर नोते आले," त्या म्हणाल्या. "काऊन नोते आले, ते मी लिवलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. परीक्षक वाईट माणूस नव्हते. सही नाही, डायऱ्या जुळत नाहीत, माझा नाइलाज आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ट्रेनिंग पुन्हा करावं लागणार होतं, आणखी सहा महिने. रत्नाबाईंनी डायरी पिशवीत घातली आणि एवढंच विचारलं, "कुठी करू, सर?"

त्यांनी ते सिरोंच्याच्या रस्त्यावर एका पुलाच्या कामावर केलं, एकटीनं. मी नागपूरला गेलो. तिथं वेळापत्रकं करू लागलो, कारणांचे रकाने भरू लागलो. फोन करीन करीन म्हणत वर्ष गेलं. प्रमाणपत्र घ्यायला कॉलेजात गेलो तर ऑफिसबाहेरच्या बाकावर त्या बसलेल्या. हातात त्यांचंही प्रमाणपत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. सोमवारपासून धानोऱ्याकडच्या एका साइटवर सुपरवायझर म्हणून रुजू होणार असल्याचं त्यांनी सांगितलं. मी अभिनंदन केलं. मग वर्षभर मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बोललो.

"बाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

जाऊ दे बाबू, असं त्या म्हणतील अशी माझी खात्री होती. आपल्याकडे मोठी माणसं तसंच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तेवढे शब्द ऐकायलाच मी ते बोललो होतो. रत्नाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. माया होती, ती पहिल्यापासूनच होती.

"हो," त्या म्हणाल्या. "बोलाले पाह्यजे होतं."

मग बाकावर जरा सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.