भिंतीला पाजलेलं पाणी

दोन हजार एकवीस सालचा फेब्रुवारी, आयर्लंडातली थंडी. आता तुमच्यापासून काय लपवू? जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाचं नाक एका भिंतीनं कापलं. तो माणूस मीच!

मुलगा तिथल्या डून लेरी गावात डॉक्टर. त्याला भेटायला आलो आणि अडकलो. त्याची ड्यूटी करोनाच्या वॉर्डात, म्हणून तो वर आणि मी तळघरात. तिथं खाट, हीटर, मागच्या अंगणात उघडणारं दार, सगळं होतं. माणूस तेवढा नव्हता. ताट जिन्यावर यायचं, बोलणंही जिन्यावरूनच.

एक दिवस वरचा पाइप गळला आणि खाटेजवळची भिंत फुगली. मुलानं पाइप तेवढ्यापुरता बांधला आणि जिन्यावरून ओरडला.

"आण्णा, हात लावू नका! लॉकडाऊन उठला की माणूस बोलावतो."

माणूस? मग मी कोण?

टिचकी मारली. पोकळ! खरवडलं, तर वर कागद आणि आत खडूसारखा भुगा. ही काय भिंत झाली? नुसती जिप्समची फळी! शेडमध्ये सिमेंट-वाळूचं तयार पोतं सापडलं. जाड लिंपलं, ओळंब्यात आणलं. मनात एकच, हे बघायला तरी पोरगा खाली उतरेल.

मग सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला लागलो. सिमेंट ओलं ठेवलं तरच घट्ट होतं. ह्यात कुणाला सांगण्यासारखं काय? म्हणून सांगितलं नाही.

ओल पसरली. पार जिन्यावरून दिसायला लागली.

"आण्णा, पाइप अजून गळतोय!"

"गळत असेल. तुमच्या इथल्या पाइपांचा काय भरवसा!"

त्यानं घराचं पाणीच बंद केलं. प्लंबर आठवड्यानं येणार. आता माझ्या भिंतीला पाणी कुठून आणू?

शेजारी शॉन राहायचा. माझ्याच वयाचा, एकटा. दोन अंगणांमधली विटांची भिंत निम्मी ढासळली होती. त्या खिंडारात उभा राहून मी बादली दाखवली.

"नो वॉटर."

"नो वॉटर? अरे बापरे" अशा अर्थाचं तो काहीतरी पुटपुटला आणि बादली भरून दिली. "ग्रँड?" म्हणजे, ठीक ना?

"ग्रँड!"

एवढंच संभाषण. पण कुणीतरी तोंडाकडं बघून बोलत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी लहान बादली नेऊ लागलो. खेपा जास्त होतात.

एकदा शॉन स्वतःच बादली घेऊन दाराशी आला. मी भिंतीवर पाणी उडवत होतो. तो बघतच राहिला.

"व्हॉट आर यू डूइंग, मॅन?"

"स्ट्राँग!" मी म्हटलं आणि दाखवायला भिंतीवर तळवा दाबला.

हात कोपरापर्यंत आत गेला. मागोमाग सगळी भिंत माझ्या खाटेवर!

आवाज ऐकून मुलगा धावत खाली आला. तोंडाला मास्क. महिन्यात पहिल्यांदा इतक्या जवळ.

"लागलं का आण्णा?" मग त्याला बादली दिसली. "तुम्ही... पाणी मारत होता? आणि मी आठवडाभर हॉस्पिटलात आंघोळ करतोय!"

मी बादली पायानं मागं सरकवली.

शॉननं स्वतःच्या गॅरेजमधली तसलीच जिप्समची फळी आणली. करोनाच्या नियमानं तो आत येऊ शकत नव्हता, म्हणून अंगणात मापानं कापली. मी आत बसवली. जाताना माझी बादली घेऊन गेला.

उपकार कुणाचे ठेवत नाही मी. मार्चात त्याची ढासळलेली भिंत बांधायला घेतली. पुरुषभर उंच, सरळ, पक्की. शेवटची वीट ठेवली आणि ध्यानात आलं, आता शॉन दिसत नाही. खिंडार मीच बुजवलं होतं!

तेवढ्यात भिंतीवरून एक हात वर आला. हातात माझी लहान बादली, काठोकाठ भरलेली.

"वॉटर?"

घेतली. भिंतीवर रिती केली.

फिट्टंफाट.