मावशीचं वाक्य आणि बायांचं हसू

मी ओतूरला कॉलेजात शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये आणे पठारावर फिरून मी पिण्याच्या पाण्यावर एक माहितीपट केला. तो लोकांना जाहीर दाखवायचा तर प्रमाणपत्र हवं, म्हणून मुंबईला सेन्सॉर मंडळाकडे पाठवला. मंडळाने एकच जागा कापायला सांगितली आणि ती नेमकी माझ्या मावशीची निघाली.

मावशीचं घर आणे गावात. माहितीपटात ती रिकाम्या हंड्यांच्या रांगेत उभी राहून म्हणते, "टँकर आला की सायेब फोटू काढाया येत्यात. न्हाई आला की कोण बी येत न्हाई." त्यावर रांगेतल्या सगळ्या बाया खळखळून हसतात. आदेश असा होता की वाक्यही काढा आणि त्यानंतरचं हसणंही काढा. त्याने शासनाची प्रतिमा मलिन होते.

मी मुंबईला जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांना भेटले. माणूस सौजन्याने बोलला. "मॅडम, एवढंसं तर आहे. काढून टाका, प्रमाणपत्र लगेच मिळेल."

परतताना एसटी माळशेज घाट चढेपर्यंत मी मनातल्या मनात ते वाक्य कापून पाहत होते. माहितीपट तरीही उभा राहत होता. पण त्यात मावशी नुसती हंडा घेतलेली बाई उरत होती.

दुसऱ्या दिवशी आण्याला गेले. मावशी मटकी पाखडत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"म्या खोटं बोलले का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग कोर्टात जाता येतं का?"

"येतं. पण वेळ लागेल. तुलाही त्रास होईल."

"पान्याची वाट बगतोच की आमी. त्यात ही आनिक एक," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

पूर्वी अशा तक्रारींसाठी वेगळं न्यायाधिकरण होतं. ते बंद झाल्यावर थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. जुन्नरकडच्याच एका वकीलबाईंनी आमचं अपील चालवायला घेतलं. पहिल्याच सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, की हे वाक्य दिग्दर्शिकेने बायांना शिकवलेलं आहे. माझं डोकं तापलं. आमच्या वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी प्रतिज्ञापत्र करतील का, ते विचारा."

मी विचारायच्या आधीच गावातले एक पुढारी मावशीकडे जाऊन आले होते. "भाचीनं शिकवलं म्हणून सांगा, टँकरचं आमी बगतो," असं त्यांनी तिला सांगितलं. मावशी त्यांना म्हणाली, "टँकरचं तुमी आदीबी बगतच व्हता की." आणि त्याच आठवड्यात माझ्याबरोबर जुन्नरला येऊन तिने प्रतिज्ञापत्रावर सही केली.

शेवटच्या सुनावणीला ती रांगेतल्या दोघींना घेऊन मुंबईला आली. न्यायमूर्तींनी तेवढा भाग पडद्यावर लावायला सांगितला. बायांचं हसणं त्या गंभीर दालनात घुमलं, तशी मावशीने पदर तोंडाला लावला. पुढचं सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी तिच्या कानात मराठीत सांगत होते.

"यात खोटं काय आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"खोटं नाही, पण सूर उपहासाचा आहे," सरकारी वकील म्हणाले.

"नागरिकाने सरकारला हसू नये, असं कोणत्या कायद्यात आहे?"

मी मावशीचा हात घट्ट धरला होता.

कापण्याचा आदेश रद्द झाला. माहितीपटाच्या सुरुवातीला 'मतं ज्याची त्याची' अशी एक ओळ मात्र घालावी लागली. ती मला आजही खुपते. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मावशी, जिंकलो."

"म्हंजी आता टँकर येनार?"

"नाही गं. माहितीपट दाखवता येणार."

"मंग दाखव. आदी आमच्या गावात."

प्रमाणपत्र हातात यायला आणखी बराच काळ गेला. ते आल्यावर आण्याच्या शाळेच्या पटांगणात आम्ही पडदा बांधला. मावशीचं वाक्य आलं तेव्हा बाया पडद्यावरच्यांपेक्षा मोठ्याने हसल्या. ते पुढारीही आले होते. ते शेवटपर्यंत बसले, पण जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

सामान आवरताना बोरी बुद्रुकहून आलेली एक बाई जवळ आली. "ताई, आमच्या हिरींचं पानी पिन्याजोगं राह्यलं न्हाई. आमी बोललो तर तेबी कापत्याल का?"

"कापायला सांगतील कदाचित," मी म्हणाले. "मग पुन्हा कोर्टात जाऊ."

तिने थोडा विचार केला. "मंग या रविवारी."

रविवारी मी कॅमेरा घेऊन बोरीला गेले.