बाबांची हलकी सॅक

परवा वाळवंटात बाबांची सॅक उचलली आणि मी घाबरले. सॅक जड होती म्हणून नाही... हलकी होती म्हणून.

पण आधी प्लॅनिंगचं सांगते, कारण त्याचा मला फार माज होता.

आईबाबा पुण्याहून आमच्याकडे फ्रिस्कोला आलेत. बाबांनी सत्तरी ओलांडलीये. सह्याद्रीतले निम्मे गड त्यांनी पायाखाली घातलेत, आणि इथे टेक्सासच्या सपाटीवर त्यांचा जीव रमेना. रोज कॉलनीत चक्कर मारून यायचे आणि तक्रार करायचे, "अगं, इथे साधा उंचवटा नाही कुठे!"

म्हणून न्यू मेक्सिकोतला एक डे हाइक शोधला. वाऱ्याने कोरलेले दगडच दगड... कुठे छत्रीसारखे, कुठे अंड्यासारखे, कुठे नुसतेच सुळके. मग रोज रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलवर आमची बैठक. मी, माझा नवरा समीर आणि बाबा. मॅप डाउनलोड केले, मोटेल बुक केलं, उन्हाच्या आत परत फिरायचं ठरवलं. बाबा म्हणायचे, "ट्रेकला चाललीयस की घरात कार्य काढलंयस?"

वाद झाला तो फक्त पाण्यावरून. तिथल्या ऑफिसमधल्या बाईंनी फोनवर बजावून सांगितलं होतं... वाटेत पाणी नाही, झाड नाही, मोबाइलला रेंज नाही, माणशी चार लिटर पाणी न्या. बाबांना हे काही पटेना. आपल्याकडे गडावर पाण्याचं टाकं असतंच, खडकात खोदलेलं, गारेगार. एका बाटलीवर गड चढणाऱ्या माणसाला चार लिटर म्हणजे चैन वाटत होती.

मी म्हटलं, बाबा, तिथे टाकं खोदून ठेवायला कुणी महाराज नव्हते. शेवटी त्यांनी मान्य केलं. समीर म्हणाला, तुमचं पाणी मी घेतो... तर चिडलेच. "माझं ओझं मी उचलेन. तेवढा म्हातारा नाही झालो अजून." विषय संपला.

आईचे गुडघे दुखतात, ती शेजारच्या काकूंच्या सोबतीने घरीच राहिली. आम्ही तिघं लांबलचक ड्राइव्ह करून पोचलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चालायला लागलो. बाबा सगळ्यात पुढे! दर दगडाला नाव ठेवत होते. हा मारुती, ही कासवीण, ही तुझी मोठी आत्या, रुसून बसलेली. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

पाणी पिता ना, असं मी अधूनमधून विचारत होते. "तहान नाही गं," एवढंच उत्तर... आणि मी विश्वास ठेवला.

ऊन तापल्यावर एका छत्रीदगडाच्या सावलीत बसलो. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. दशम्या काढाव्यात म्हणून मी त्यांची सॅक उचलली, तर ती एका बोटावर वर आली. आत टॉवेल, दशम्यांचा डबा, चटणीची काचेची बरणी आणि लहानशी एक बाटली. तीही अर्धी. बाकी काही नाही... काहीच नाही.

क्षणभर मला कळेचना मी काय बघतेय. सकाळपासून हा माणूस त्या इवल्याशा बाटलीतले घोट पुरवून पुरवून पीत होता!

"बाबा, पाणी कुठंय?"

"गाडीत राहिलं... म्हटलं, पुढे असेल एखादं टाकं."

मी ओरडले. वडिलांवर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी सगळ्या दगडांना ऐकू जाईल इतकी ओरडले. इतकं समजावलं होतं, ऐकायचंच नाही का, इथे काही झालं असतं तर मी आईला काय सांगितलं असतं... समीरने स्वतःची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गटागटा संपवली. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाले, "उचलवत नाही गं आता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लहानपणी गडावरून उतरताना माझी सॅक, भावाची सॅक आणि वर पेंगुळलेली मी, असं सगळं अंगावर घेऊन उतरणारे हेच बाबा. टाक्याचा हट्ट हा नुसता आडोसा होता तर...

तिथूनच परत फिरलो. पुढचे दगड बघायचे राहिले, त्याचं काही वाटलं नाही. गाडीची डिकी उघडली तर चारही बाटल्या एका कोपऱ्यात, वर बाबांचा स्वेटर नीट पांघरलेला. माझ्याइतकंच प्लॅनिंग त्यांनीही केलं होतं! माझ्या प्लॅनमध्ये ऊन होतं, वारा होता, मोबाइलला रेंज नसणंसुद्धा होतं. फक्त बाबा सत्तरीचे झालेत, हे मी कुठेच धरलं नव्हतं.

काल संध्याकाळी चहा घेताना म्हटलं, पुन्हा जाऊ, हिवाळ्यात. पाणी आम्ही दोघं घेऊ, तुमच्याकडे फक्त दशम्या आणि चटणी. मला वाटलं चिडतील.

बाबांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चटणीची बरणी पण तूच घे. काचेची आहे, जड होते."

बरणी ती केवढीशी... पण बाबांनी मला ओझं उचलायला सांगितलं, हे पहिल्यांदाच. मी घेईन, बाबा.